कलावंताचा जिल्हा कोणता?

मुंबई राज्याच्या काळापासून, म्हणजे १९५४-५५ पासून, वृद्ध साहित्यिकांना व कलावंतांना शासनाने दरमहा मानधन देण्याची प्रथा चालत आलेली आहे. २०२४ साली या योजनेस राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले, जुन्या तीन श्रेणी मोडण्यात आल्या आणि सर्वांस सरसकट ५,००० रुपये मिळावेत असे ठरले. हा निर्णय चांगला झाला, आणि चांगल्यास चांगले म्हणण्यात आम्ही कधी हात आखडता घेतलेला नाही. परंतु या योजनेच्या अटी वाचताना एका ठिकाणी आम्ही अडखळतो, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तेथेच अडखळावे अशी आमची इच्छा आहे.

अर्जदाराचे वय ५० वर्षांहून अधिक असावे, त्याने कलेची वा साहित्याची निदान १५ वर्षे सेवा केलेली असावी, त्याचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत असावे, आणि तो महाराष्ट्राचा रहिवासी असावा. पहिली अट त्याच्या वयाची, दुसरी त्याच्या कामाची, तिसरी त्याच्या गरजेची. या तिन्ही अटी माणसाकडे पाहतात. चौथी अट मात्र त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे पाहते. शिवाय निवड जिल्हावार व्हायची; प्रत्येक जिल्ह्याची समिती दरवर्षी १०० जणांची निवड करणार. आता म्हैसुरात चाळीस वर्षे मराठी कीर्तन करणाऱ्या, गणेशोत्सवात पेटी वाजवणाऱ्या किंवा हौशी नाटक मंडळींना पदे शिकवणाऱ्या एखाद्या वृद्ध कलावंताचा विचार करा. त्याला जिल्हा नाही म्हणून समिती नाही, समिती नाही म्हणून शिफारस नाही, आणि शिफारस नाही म्हणून शासनाच्या लेखी तो कलावंतच नाही!

गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. केंद्र शासनाचीही वृद्ध कलावंतांसाठी योजना आहे आणि तिला प्रांताची सीमा नाही. साठी उलटलेल्या गरजू कलावंताला तिचा आधार मिळावा असा तिचा हेतू. पण त्यासाठी अर्जदारास आपल्या राज्याकडून दरमहा निदान ५०० रुपयांचे कलावंत-मानधन आधीच मिळत असले पाहिजे. म्हणजे राज्याच्या उंबरठ्यावर जो अडला, तो दिल्लीच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. एका अटीने दोन दारे बंद होतात, आणि दोन्हीकडचे कारकून शपथेवर सांगू शकतात की आम्ही कोणालाही नकार दिलेला नाही.

आमचे बहुतेक वाचक शासकीय सेवेत आहेत. नियमाची थट्टा त्यांना रुचणार नाही, आणि ती करण्याचा आमचा हेतूही नाही. जनतेच्या पैशाला नियम हवेतच. उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करताना हात का जपून चालतो, हे या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. आमचे म्हणणे इतकेच की प्रत्येक अटीने आपल्या हेतूचा जाब दिला पाहिजे. उत्पन्नाची अट गरज ओळखते, सेवेची अट तोतयांना दूर ठेवते. अधिवासाची अट काय ओळखते? भाषा नव्हे, कला नव्हे, गरजही नव्हे.

आणि याच वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. केंद्रीय सेवेत शिरताना आपण आपले स्वग्राम जाहीर करतो. मग पुढची तीस वर्षे शिलाँगला जावोत, जोधपूरला जावोत की म्हैसूरला, सरकार मानते की या माणसाचे घर साताऱ्यास किंवा अमरावतीस आहे, आणि प्रवाससवलत देताना त्या घराचा मान राखते. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या माणसाचे घर शाबूत राहते; मग भाषेची सेवा करीत बाहेर राहिलेल्या माणसाचेच घर तेवढे पुसले जावे, हा कोठला न्याय? अधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो. त्याच्या मागे मंडळाचा पेटीवादक तेथेच राहतो, आणि नव्याने आलेल्या अधिकाऱ्याच्या मुलांना तोच भूपाळी शिकवतो. परक्या गावी आपल्याला जे घर सापडते, ते त्याने राखलेले असते. आपल्याला निवृत्तिवेतन आहे, त्याला नाही.

योजनेस ज्यांचे नाव दिले, त्या शाहू महाराजांचे वर्तन या बाबतीत कसे होते? अल्लादियाखाँ साहेब जन्मले ते राजपुतान्यातील उनियारा येथे. १८९५ च्या सुमारास महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. महाराजांनी त्यांच्याकडे करवीरच्या रहिवासाचा दाखला मागितला असता तर महाराष्ट्राचे संगीत आज किती दरिद्री असते! खाँसाहेबांच्या शिष्यांत केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. या दोघी गोव्याच्या, म्हणजे त्या काळी पोर्तुगीज अंमलाखालच्या. गुरू राजपुतान्याचा, शिष्या गोमंतकाच्या, आणि त्यांतून निपजलेल्या गायकीचा अभिमान मात्र महाराष्ट्राचा. ज्या राजाने सीमा मोडून कला जोपासली, त्याच्याच नावाच्या योजनेत सीमेची अट पहिल्या पानावर असावी, यासारखा विरोधाभास दुसरा नाही.

म्हैसूरचा इतिहासही हेच सांगतो. आग्रा घराण्याचे नत्थनखाँ हे उत्तरेचे गवई म्हैसूर दरबारच्या पदरी होते. त्यांच्या तालमीचा लाभ ज्यांना झाला त्या भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या. आमच्या नाट्यसंगीताच्या सोन्यात म्हैसूरच्या खजिन्याचाही अंश आहे, तो असा. पुढे जयचामराजेंद्र वाडियार यांनी तर लंडनमध्ये विपन्नावस्थेत राहणाऱ्या निकोलाय मेड्टनर या रशियन संगीतकाराच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून द्रव्य दिले; मेड्टनरने आपला एक पियानो-कॉन्सेर्टो त्यांना अर्पण केला. कोठे मॉस्को, कोठे लंडन आणि कोठे म्हैसूर! राजांची मर्जी परत यावी असे आम्ही म्हणत नाही. मर्जीपेक्षा नियम केव्हाही बरा. पण लोकांच्या राज्याचा नियम राजाच्या मर्जीहून कोत्या मनाचा असू नये, एवढी अपेक्षा गैर आहे काय?

यावर पहिला आक्षेप येईल तो खजिन्याचा. महाराष्ट्राच्या करदात्याचा पैसा महाराष्ट्राबाहेर का जावा? पण तो आजही जातो, आणि योग्य कारणासाठी जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीस भरले, त्यास महाराष्ट्र शासनाचे अनुदान होते. राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रे गोव्यास व इंदुरासही झालेली आहेत. तीन दिवसांच्या मांडवासाठी जी सीमा ओलांडता येते, ती एका म्हाताऱ्याच्या औषधपाण्यासाठी ओलांडता येऊ नये? उत्सवाच्या वेळी मराठी अखिल भारतीय असते आणि मानधनाच्या वेळी ती छत्तीस जिल्ह्यांची होते, हे आम्हांस मान्य नाही.

दुसरा आक्षेप असा की, जेथे राहता तेथील शासनाकडे मागा. कर्नाटक शासनही वृद्ध कलावंतांना मासाशन देते, हे खरे. पण कन्नड समितीने मराठी कीर्तनाची पारख करावी, ही अपेक्षा कीर्तनकारावर जितकी अन्यायाची तितकीच समितीवरही. कन्नडची काळजी वाहणे हे कर्नाटकाचे कर्तव्यच आहे. तुळू, कोंकणी, कोडव, उर्दू यांसाठी त्या राज्याने स्वतंत्र अकादमी काढल्या, याबद्दल त्याचे कौतुकही केले पाहिजे. मराठीचे नाव काढले की मात्र १९५६ पासूनची सीमावादाची जखम भळभळू लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये मराठा समाजाच्या विकासासाठी मंडळ जाहीर होताच केवढे वादळ उठले! ५ डिसेंबरला बंद पुकारला गेला, आणि हे मंडळ समाजासाठी आहे, मराठी भाषेसाठी नव्हे, असा खुलासा शासनाला करावा लागला. बेळगावच्या प्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर म्हैसूरच्या पेटीवादकाला त्या भांडणात ओलीस ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

भाषा हाच निकष धरून कारभार करता येतो, याला पुरावा हवा असेल तर साहित्य अकादमीकडे पाहावे. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. १९७३ साली ‘काजळमाया’स मराठीचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा ते कोणत्या राज्यात राहतात हे कोणी विचारले नाही. पुढे ग्रंथाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. नियमाची अक्षरे मोजणारे त्या वेळीही होतेच. पण अधिवासाचा मुद्दा निघाला नाही. त्याच १९७३ सालच्या ज्ञानपीठाचे मानकरी ठरले धारवाडचे द. रा. बेंद्रे. त्यांच्या घरची भाषा मराठी, त्यांची कविता कन्नड. कन्नडने त्यांना घरची भाषा विचारली नाही, अकादमीने जी. एं.ना गाव विचारले नाही. ही उदार रीत आपल्या समोरच आहे.

उरला दुहेरी लाभाचा प्रश्न. तो खरा आहे आणि सोपाही आहे. दुसऱ्या कोणत्याही शासनाचे मानधन घेत नसल्याचे प्रतिज्ञापत्र, स्थानिक तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि वर्षाकाठी हयातीचा दाखला; एवढ्यावर देशभर लक्षावधी निवृत्तांचे वेतन बिनतक्रार चालते.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. या योजनेपुरता बृहन्महाराष्ट्र हा आणखी एक जिल्हा मानावा. त्याची एक समिती नेमावी, तीत राज्याबाहेरचे जाणकार घ्यावेत, आणि इतर जिल्ह्यांप्रमाणेच वर्षाला १०० नावे निवडण्याचा अधिकार तिला द्यावा. महिन्याला ५,००० याप्रमाणे १०० जणांचे वर्षाचे ६० लाख होतात. सबंध राज्याच्या खजिन्यास हा भार जड नाही. आणि केंद्रास कळवावे की या समितीची शिफारस राज्याचीच शिफारस समजावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जे पुरावे गोळा केले गेले ते काही छत्तीस जिल्ह्यांच्या हद्दीतले नव्हेत. जुनी मराठी कर्नाटकात श्रवणबेळगोळच्या शिळेवर कोरलेली आहे आणि तामिळनाडूत तंजावरच्या दफ्तरांत साठवलेली आहे. मान मिळवताना जी भूमी आपण आपली म्हटली, त्या भूमीवर आज मराठी गाणाऱ्या, लिहिणाऱ्या, कीर्तन करणाऱ्या माणसाला आपला म्हणण्याची वेळ आली की हद्दीचा नकाशा पुढे करणे महाराष्ट्रास शोभत नाही.