भेट देणाऱ्याचे नाव लिहा

संगमनेरहून प्रवरेच्या काठाने खाली गेले की काही मैलांवर जोर्वे लागते. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. तांबड्या लेपावर काळी नक्षी, नीट गाळलेली माती, चाकावरची घडण, टिचकी मारली तर धातूसारखा नाद. असे कंगोरेदार वाडगे आणि तोटीची भांडी तिथे मिळाली. बाजारात या खापराला कोणी विचारणार नाही. पण ते थरातून निघाले आणि निघाल्याची नोंद झाली. पुढे नेवासे, इनामगाव इथल्या थरांशी ते ताडून पाहता आले, आणि इसवी सनापूर्वी दीड हजार वर्षांच्या आसपास सुरू होणाऱ्या एका संस्कृतीला आपल्या तालुक्यातल्या गावाचे नाव मिळाले.

याच नदीवर आणखी खाली, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार कांस्यशिल्पे सापडली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजन. देखणेपणात जोर्व्याची खापरे त्यांच्यापुढे उभी राहणार नाहीत. तरी डॉ. ढवळीकरांसारखे अभ्यासक या शिल्पांना उत्तर हडप्पा काळातली मानत असताना डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली, आणि वाद धसाला लागला नाही. शिल्पे शास्त्रशुद्ध उत्खननात थरातून निघाली असती, तर वादाला एवढी जागा उरली नसती. शेतकऱ्याचा यात काय दोष?

थराच्या नोंदीइतकीच मालकीची नोंदही मोलाची. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या मनिसेस गावी पंधराव्या शतकात झळाळीची भांडी बनत. कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर चांदी-तांब्याच्या संयुगांनी नक्षी काढायची आणि धुराने कोंदलेल्या भट्टीत मंद आचेवर पुन्हा भाजायचे, की सोन्यासारखी चमक येते. इटलीतली श्रीमंत घराणी आपली कुलचिन्हे घालून ती मागवत. ब्रिटिश म्युझियममधल्या एका कुंभावर फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचे चिन्ह आहे. तो १९८३ मध्ये गॉडमन संग्रहातून तिथे आला. अशा भांड्याचा पहिला मालक चिन्हावरून कळतो. नंतर ते कोणाकोणाच्या हातांतून गेले, हे मात्र खरेदीच्या पावत्या, मृत्युपत्रे आणि लिलावाच्या याद्या जपल्या तरच सांगता येते. तिकडचे संग्रहपाल आता १९३३ ते १९४५ या काळातली मालकी बारकाईने तपासतात, कारण नाझींनी लुटलेल्या वस्तू संग्रहालयांत शिरल्या होत्या.

आपल्या संग्रहालयाच्या नोंदवह्यांत मात्र ‘एका सद्गृहस्थांकडून भेट’ हा शेरा अजून दिसतो. संकोच समजतो, देणाऱ्याला चौकशीची धास्ती असते. पण नाव लपवून कायद्यातून सुटका होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि १९७२ च्या कायद्याने ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी बंधनकारक आहे. हे देणाऱ्याला समजावून सांगणे आपल्याच कामाचा भाग आहे.

वस्तू धुण्याआधी फोटो काढा. गाव, गट नंबर, खोली, सोबत काय निघाले आणि मधे कोणाकडे होती, हे ज्याला ती सापडली त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून घ्या. जुन्या भेटींचे देणारे अजून हयात असतील, तर येत्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी जाऊन राहिलेले रकाने भरा.