बाबांची लेन्स

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या आजीचं शूटिंग करायला गेले होते. आजी ब्याऐंशी वर्षांच्या. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा त्या नारायण पेठेत राहायच्या. पुराचा विषय काढला की आजी उठून जातात, असं मैत्रिणीने आधीच बजावलेलं. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, चहाचा कप खाली ठेवला आणि स्वतःहून बोलायला लागल्या. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं, कोणी कोणाला वर ओढून घेतलं... मग शेजारच्या मैत्रिणीचं नाव घेतलं, थांबल्या, मागे टेकल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

डोळा ओळखणाऱ्या आमच्या स्मार्ट कॅमेऱ्याला डोळेच दिसेनात. मग त्याने काय करावं? आजींच्या मागची स्टीलच्या डब्यांची फळी पकडली! डबे एकदम चकाचक, आजी धूसर. ‘आजी, परत एकदा सांगा ना,’ म्हणायची माझी काय बिशाद?

घरी येऊन रडगाणं गायलं. बाबांनी ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि त्यांच्या जुन्या फिल्मवाल्या निकॉनची ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्स माझ्या हातात ठेवली. ‘ही लाव.’ मला हसूच आलं. फोटोची लेन्स, तीही माझ्यापेक्षा वयाने मोठी, व्हिडिओला?

पण बॉस, लागते! निकॉनच्या या लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरवर असते. माझ्या सोनीच्या मिररलेसमध्ये सेन्सरपासून हे अंतर फक्त १८. उरलेले साडेअठ्ठावीस मिलिमीटर भरायला मध्ये एक पोकळ कडं बसवायचं, म्हणजेच अ‍ॅडॅप्टर. आत काच नाही की वायर नाही. त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाहीये. मेन्यूत जाऊन ‘लेन्स नसतानाही शूट कर’ असं त्याला सांगावं लागतं, एवढंच.

खरी गंमत रिंगमध्ये आहे. आजकालच्या बऱ्याच लेन्सची फोकस रिंग आतल्या काचेला जोडलेलीच नसते. आपण रिंग फिरवायची, ती मोटरला निरोप देणार, मग काच हलणार. अनेक लेन्समध्ये तर रिंग भरभर फिरवली की फोकस जास्त पळतो आणि हळू फिरवली की कमी. मग खूण करायची कुठे? बाबांच्या लेन्सची रिंग थेट आट्यांवर फिरते. दोन्ही टोकांना ठक्कन थांबते आणि दीड मीटरचा आकडा दर वेळी दीड मीटरच दाखवतो. कागदी टेपवर पेनाने दोन रेघा मारल्या, एक आजी ताठ बसल्या की आणि दुसरी मागे टेकल्या की. फोकस पुलिंग कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं!

(फोटोच्या लेन्सला कमी समजू नका हं. स्टॅन्ली क्युब्रिकने १९७५च्या ‘बॅरी लिंडन’मधले मेणबत्तीच्या उजेडातले सीन झाइसच्या ५० मिलिमीटर, एफ ०.७ लेन्सवर घेतले होते. त्या मुळात नासासाठी बनलेल्या स्टिल फोटोच्याच लेन्स.)

त्रास आहेतच. माझा सेन्सर लहान, म्हणून ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते आणि ट्रायपॉड पार दाराला टेकतो. फोकस बदलला की फ्रेम किंचित आत-बाहेर होते. अ‍ॅपर्चर टकटक आवाज करत बदलतं, म्हणजे चालू शॉटमध्ये त्याला हात लावायचा नाही. आणि सेकंडहँड घेणार असाल तर दोन गोष्टी बघाच. लेन्सवर अ‍ॅपर्चरची स्वतःची रिंग हवी. आणि मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघायचं. आत कोळिष्टकासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्याची कृपा!

तीन संध्याकाळी पेपर वाचणाऱ्या बाबांवर सराव केला. एफ १.८ वर दीड मीटरला जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर खोली शार्प राहते. बाबांनी पान उलटलं की कान फोकसमध्ये, नाक गायब. शेवटी एफ ४ वर आले, तेव्हा कुठे चौदाएक सेंटिमीटर मिळाले.

परत आजींकडे गेले. ‘आज ते यंत्र गप्प बसणार का गं?’ त्यांनी विचारलं. मग पूर ओसरल्यानंतरचा चिखल, भिजलेलं धान्य, भिंतीवरची पाण्याची रेघ, सगळं सांगितलं. दोनदा मागे टेकल्या. पहिल्यांदा माझा हात उशिरा फिरला, दुसऱ्यांदा बरोबर रेघेवर थांबला. मैत्रिणीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

ते नाव आता फक्त पहिल्या क्लिपमध्ये आहे. डबे चकाचक, आवाज आजींचा. ती मी डिलीट केलेली नाही.