कमी धावलेल्या गाड्या, फार धावलेली प्रतीके

एखाद्या वस्तूचे प्रतीक झाले की त्या वस्तूकडे पाहण्याची गरज उरत नाही, असा एक सोयीस्कर समज आमच्या विद्याक्षेत्रात मूळ धरून आहे. अमेरिकी स्टेशन वॅगन हा या समजाचा एक ठळक बळी. डॉन डिलिलो यांची 'व्हाइट नॉइज' (१९८५) ही कादंबरी चर्चेला आली की तिच्या आरंभीच महाविद्यालयाच्या आवारात शिरणारी स्टेशन वॅगनची लांबलचक रांग समोर येते; आणि ती आली रे आली की निबंधलेखक 'उपभोगवाद', 'उपनगरी मध्यमवर्ग', 'वस्तूंचे अवडंबर' असे तीन शब्द टाकून पुढच्या पानावर निघून जातो. ती गाडी कशी होती, तीत किती माणसे बसत, तिचे मागचे दार कसे उघडे, हे विचारणे म्हणजे म्हणे समीक्षकाने गॅरेजवाल्याची कामे करणे. एका चर्चासत्रात आम्हांला हे जवळजवळ याच शब्दांत ऐकवण्यात आले. वक्त्यांचा आवेश दांडगा होता, माहिती बेताची होती.

दुसऱ्या टोकाला संग्राहक आहेत. जुनी, पण फारच थोडी धावलेली वॅगन सापडली की ते हरखून जातात. चाळीस-पन्नास वर्षांची गाडी आणि काट्यावर वीस हजार मैल! अशी गाडी म्हणजे अमेरिकेचे जसेच्या तसे जपलेले बालपण, असे ते मानतात आणि त्या आकड्यासाठी भरघोस पैसे मोजतात. समीक्षक या हौसेला स्मरणरंजन म्हणून हसतात. आमच्या मते हसणारे आणि हरखणारे दोघेही एकच चूक करीत आहेत. कमी धावलेल्या जुन्या वॅगनला मोल आहे, मोठेच आहे. पण ते कशाचे, याचा दोघांनाही पत्ता नाही.

आधी वस्तू पाहू. 'स्टेशन वॅगन' या नावातले स्टेशन रेल्वेचे. विसाव्या शतकाच्या आरंभी आगगाडीतून उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या पेट्या हॉटेलापर्यंत पोचवणाऱ्या, मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी पेटारा बसवलेल्या या गाड्या होत्या. फोर्डने १९२९ मध्ये त्या स्वतः बनवायला घेतल्या. लाकूड मिशिगनमधल्या कंपनीच्या मालकीच्या जंगलांतून येई. हे लाकूड दिसायला देखणे, पण वागवायला नाठाळ. त्याला वेळोवेळी वार्निश लागे, सांधे कुरकुरत, पावसापाण्याने ते कुजे. म्हणून युद्धानंतर पोलादी वॅगन आल्या. १९५३ ची ब्युइक ही खऱ्या लाकडाचा सांगाडा असलेली अमेरिकी कारखान्यातली शेवटची वॅगन मानली जाते. त्यानंतर फोर्डच्या 'कंट्री स्क्वायर'सारख्या गाड्यांच्या अंगावर लाकडाचे रेषाकाम छापलेले प्लॅस्टिकचे आवरण आले आणि चार दशके टिकले.

आता हे छापील लाकूड म्हणजे आमच्या उत्तर-आधुनिक बंधूंची मेजवानीच. मूळ नसलेली प्रतिमा, नकलेची नक्कल, वगैरे वगैरे. पण ज्या गृहस्थाला दरवर्षी वार्निशचा ब्रश हाती धरून सुट्टीचे दोन दिवस घालवावे लागत होते, त्याला विचारा. त्या आवरणाने कुणाची फसवणूक झाली नव्हती. पोलाद आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. लाकडाचा देखणेपणा ठेवून लाकडाचा त्रास काढून टाकला, इतकाच तो व्यवहार होता. वस्तूचा इतिहास माहीत नसला की साधी सोयही तत्त्वज्ञान होऊन बसते.

मागच्या दाराचेही असेच. १९७१ ते १९७६ या काळातल्या जनरल मोटर्सच्या थोरल्या वॅगनमध्ये मागची काच वर सरकून छतात शिरे आणि खालचा पोलादी भाग जमिनीखाली जाऊन दडे. दार बाहेर उघडतच नसे. भिंतीला टेकून लावलेल्या गाडीतही मागून सामान भरता येई. फोर्डने त्याआधीच, १९६६ साली, एकच दार खालीही पडेल आणि बाजूलाही उघडेल अशी बिजागरांची करामत केली होती. त्या काळातल्या इतर काही लांबलचक वॅगनमध्ये कितीतरी कुटुंबांची पोरे तिसऱ्या रांगेत पाठमोरी बसत आणि गाडी मागे टाकत असलेला रस्ता पाहत. आईबापांना दिसे तो पुढचा रस्ता आणि मुलांना दिसे तो नुकताच होऊन गेलेला. एका पिढीच्या कथनदृष्टीविषयी बोलणाऱ्या समीक्षकाला ही बैठकव्यवस्था ठाऊक असू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

या गाड्या गेल्या का, याचेही एक तयार उत्तर आहे: रुची बदलली. आईबापांची गाडी मुलांना जुनाट वाटली. यात तथ्य नाही असे नाही, परंतु ते अर्धेच. १९७३ च्या तेलबंदीनंतर १९७५ साली अमेरिकेत इंधनबचतीचा कायदा झाला आणि १९७८ च्या गाड्यांपासून प्रत्येक कंपनीच्या प्रवासी मोटारींवर सरासरी मायलेजचे बंधन आले. वॅगन ही प्रवासी मोटार ठरली. हलक्या ट्रकांची मर्यादा मात्र सैल ठेवली होती. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरची मिनीव्हॅन आली ती कागदोपत्री हलका ट्रक म्हणून. पुढे एसयूव्हीही त्याच दारातून आत शिरल्या. म्हणजे तेच कुटुंब, तेवढेच सामान, पण वाहनाचा वर्ग बदलला की नियम बदलला. कंट्री स्क्वायर १९९१ मध्ये थांबली, ब्युइकची रोडमास्टर आणि शेवरोलेची कप्रीस १९९६ मध्ये. ज्याला आपण अभिरुचीचा इतिहास म्हणतो, त्यातला बराचसा भाग एखाद्या व्याख्येच्या उपकलमात दडलेला असतो. साहित्यप्रकारांच्या इतिहासालाही हे लावून पाहायला हरकत नाही. असो, तो वेगळा विषय.

आता त्या मैलांच्या आकड्याकडे येऊ. आपल्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न 'रनिंग किती झालं?' हाच असतो, तिकडेही तेच. गंमत अशी की जुन्या अमेरिकी गाडीत हा आकडा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. १९८० च्या दशकापर्यंत त्यांतल्या बहुतेकांच्या मैलमापकाला पाचच घरे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. काट्यावर २३,००० दिसले तर ते २३,००० असतील किंवा १,२३,०००. मैल मागे फिरवण्याविरुद्ध १९७२ मध्ये केंद्रीय कायदा झाला. पण गाडी विकताना मैल नोंदवून देण्याच्या सक्तीतून दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्या सुटल्या. २०२१ पासून ही मुदत वीस वर्षे झाली, तीही २०११ आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरती. आपण ज्या वॅगनविषयी बोलतो आहोत त्या सगळ्याच या नोंदीतून मुक्त. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजायचे, त्याची हमी कायदा घेत नाही.

मग जाणकार काय करतो? ब्रेकच्या पेडलचे रबर किती झिजले आहे ते पाहतो. चालकाच्या आसनाची दाराकडची कड दबली आहे का, सामानाच्या जागेतल्या धातूच्या पट्ट्यांवर ओरखडे किती, दाराच्या चौकटीवर तेलबदलाची चिकटपट्टी आहे का आणि तिच्यावर कोणते मैल लिहिले आहेत, हे पाहतो. जुनी बिले मागतो आणि त्यांतल्या तारखा व मैल एकापुढे एक लावतो. आकडा काही म्हणो, पेडल गुळगुळीत झाले असेल तर तो आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आमच्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही दुसरे काय शिकवतो? पुष्पिकेतल्या शकावर जाऊ नका, कागद पाहा, अक्षराचे वळण पाहा, अंतर्गत पुरावा आणि बाह्य पुरावा ताडून पाहा. ज्याला गॅरेजवाल्याचे काम म्हणून हिणवले गेले, ते आमच्याच विद्याशाखेतले सर्वांत कष्टाचे काम आहे.

इथपर्यंत संग्राहक आमच्याशी सहमत होतील. यापुढे होणार नाहीत. अस्सल कमी धावलेली वॅगन सापडली, सर्व पुरावे जुळले. तरी ती अमेरिकी कुटुंबाचे बालपण जपते हे म्हणणे खोटे आहे. वॅगन हे वापरून संपवायचे वाहन होते. ज्या घरात चार मुले, कुत्रा, सायकली होत्या, तिथली वॅगन लाख मैलांच्या पुढे गेली, गंजली, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेली आणि शेवटी भंगारात किंवा मोटारी एकमेकींवर आदळून चेंदामेंदा करण्याच्या जत्रेतल्या खेळात संपली. त्या खेळात या दणकट गाड्यांना फार मागणी असे. २००९ मध्ये सरकारने जुन्या, जास्त इंधन खाणाऱ्या गाड्या मोडीत काढण्यासाठी अनुदान दिले. दोन महिन्यांत सुमारे पावणेसात लाख वाहने आली आणि त्यांची इंजिने पुन्हा चालू नयेत म्हणून त्यांत सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतले गेले. पंचवीस वर्षांच्या आतलीच गाडी चाले, म्हणजे शेवटच्या पिढीतल्या वॅगन त्या मुदतीत बसत होत्या. या साऱ्यातून जी वॅगन न झिजता उरली ती सहसा जिला कुटुंब लाभलेच नाही ती. जिच्या फटीत कधी च्युइंगगम अडकला नाही, तिला बालपणाची साक्षीदार म्हणून उभे करणे म्हणजे न फाडलेल्या जोडपानांच्या प्रतीवरून त्या पुस्तकाचे वाचक कसे होते ते सांगणे.

शिवाय बालपण कुणाचे? उपनगरे सर्वांना खुली नव्हती. न्यू यॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ साली भाडेकरारांतच गोऱ्यांखेरीज इतरांना मज्जाव करणारे कलम होते. कृष्णवर्णीय कुटुंबे मोटारीने लांब निघत तेव्हा जेवण, पाणी, पांघरुणे गाडीतच घेत, कारण वाटेतले हॉटेल दार उघडील की नाही याची शाश्वती नसे. कुठे थांबता येईल हे सांगणारे व्हिक्टर ग्रीन यांचे 'ग्रीन बुक' १९३६ पासून १९६० च्या दशकापर्यंत निघत होते ते काही हौसेने नव्हे. गाडीत भरलेले सामान पाहताच 'उपभोगवाद' लिहिणाऱ्या लेखणीने इथे जरा थांबावे. एका गाडीत ते सामान चैन होते, दुसऱ्या गाडीत तेच सामान अपमान टाळण्याचा उपाय होते. प्रतीक हा फरक सांगत नाही, कारण प्रतीकाला मालक नसतो. गाडीला असतो.

तर मग कमी धावलेल्या वॅगनचे मोल कशात? आमचे उत्तर असे: ती आठवण नव्हे, ती शुद्ध प्रत आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा रंगाचा थर केवढा होता, त्या छापील लाकडाची मूळ छटा कोणती, कापडाची वीण कशी, कुठला स्क्रू कुठे होता, हे फक्त तिच्यावरून कळते. ज्याला आपल्या वडिलांची दोन लाख मैल धावलेली गाडी पुन्हा उभी करायची आहे, त्याला ताडून पाहायला ती लागते. वाचली गेलेली, समासात टिपणे भरलेली, पाने निखळलेली प्रत आणि कपाटात राहिलेली कोरी प्रत या दोन्ही संपादकाला हव्या असतात, आणि एकीचे काम दुसरीने होत नाही. संग्राहक कोऱ्या प्रतीलाच वाचन समजतो, समीक्षक दोन्ही प्रती न पाहता प्रस्तावना लिहितो.

गॅलनमागे जेमतेम दहा-बारा मैल जाणाऱ्या गाडीचे गुणगान आजच्या काळात कसले, हा आक्षेप आम्हांला अपेक्षित आहे. रोजच्या वापराला ती घ्या असे आम्ही म्हणतच नाही. पण वर्षाला दोन-तीनशे मैल जाणारी जुनी वॅगन पृथ्वी बुडवील असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी हलका ट्रक म्हणून रोज रस्त्यावर येणाऱ्या तिच्या वारसांकडे पाहावे.

आणि हे दोन-तीनशे मैल तिला धावायलाच हवेत. बंद ठेवलेल्या गाडीत रबरी सील सुकतात आणि तेल गळू लागते, पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरात बसतो, ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, टायर न झिजताही कडक होतात, उंदीर वायरी कुरतडतात. न वापरल्यानेही गाडी संपते; फक्त काट्यावर ते उमटत नाही. तरीही बाजार प्रत्येक मैलाला किंमत कापतो, आणि मालक गाडी झाकून ठेवतो. जो मालक तिला महिन्यातून एकदा बाहेर काढतो, ब्रेकचे तेल वेळच्या वेळी बदलतो, टायर बदलतो आणि हे सारे तारीख व मैलांसह एका वहीत लिहून ठेवतो, त्याच्या बाजूने आम्ही आहोत. गाडी विकली जाईल तेव्हा ती वही तिच्याबरोबर जावी, आणि घेणाऱ्याने काट्याकडे वळण्याआधी ती उघडावी.