घोट्यावरचा बिंदू

दुर्गा टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांत सध्या एका बिंदूची फार चलती आहे. पायाच्या आतल्या घोट्यापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडाला लागून मागे. तिथे दाबलं की म्हणे वारंवार लघवीला लागणं थांबतं, पाळीचं दुखणं जातं, अंग बाहेर येत असेल तर तेही वर जातं. फेरी झाली की बाकावर बसून दाबादाबी सुरू.

चिनी शास्त्रात याचं नाव सानयिनज्याओ. प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड या तीन यिन वाहिन्या इथे भेटतात, म्हणून ओटीपोटाच्या सगळ्या तक्रारींवर हाच बिंदू. (गर्भवतीने तो टाळावा असं त्याच परंपरेत बजावलंय. सुनांना, लेकींना हौसेने शिकवताना हे नेमकं राहून जातं!) आपल्याला ही विद्या अगदीच परकी नाही बरं का. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे अॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते रुजवलं.

मी याला थोतांड म्हणणार नाही. याच जागेजवळून टिबिअल नावाची नस जाते. तिचे धागे पाठीच्या कण्यात जिथून निघतात, तिथूनच मूत्राशयाचेही निघतात. तिथे बारीक सुई टोचून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार आधुनिक डॉक्टरही करतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असं बारा आठवडे. अमेरिकेत २२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरा उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांना बरं वाटलं, नुसतं नाटक केलेल्यांपैकी २१ टक्क्यांना. पण ती सुई आणि वीज, आपला अंगठा नव्हे. आणि तो उपचार घाईची लघवी लागणाऱ्यांसाठी. खोकताना, हसताना थेंब गळतात त्याला ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम लागतो. अंग बाहेर येत असेल तर डॉक्टरांनी तपासायलाच हवं.

माझं भांडण बिंदूशी नाहीच. तो दाबायला सोपा आहे, कारण कोणाला काही सांगावं लागत नाही. मी शिकवत होते त्या शाळेत शिक्षिकांना धड स्वच्छतागृह नव्हतं. सात ते साडेबारा आम्ही पाणी न पिता काढायचो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नसू. तीच सवय आज सत्तरीत. पुण्याला लग्नाला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. पुरुषांचंही तेच! धार बारीक झाली तरी 'वय झालं' म्हणून गप्प.

लघवीतून रक्त गेलं, पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, लघवी अडली किंवा जळजळीबरोबर थंडीताप आला, तर अंगठा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तिथे 'खालचा त्रास' असं मोघम सांगू नका. एरवीच्या तक्रारीसाठी जाताना तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, रात्री किती वेळा उठलात, किती पाणी प्यायलात, कधी गळलं. तोंडाने सांगायला जड गेलं तर ती वहीच पुढे करा.