फिजिओथेरपी म्हणजे मालिश?

गेल्या वर्षी मला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हात हलायचा, पण सांगितलेल्या जागी जाईना. कप धरायला जावे तर बोटे बशीवर! खांद्यातली कळ वेगळीच. फिजिओथेरपी सुरू केली तेव्हा शेजारचे एक सद्गृहस्थ म्हणाले, "कायले पैसे घालवता जी? मालिशवाल्याला बोलवा ना घरी!"

चीड येते. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा मुंबईच्या केईएममध्ये १९५३ साली निघाली, आपल्या मेडिकलमध्येही हे शिकवतात, २०२१ च्या केंद्रीय कायद्यात हे लोक आरोग्यसेवा व्यावसायिक आहेत. आणि आम्ही अजून तेलाची बाटली शोधतोय...

मालिशने बरे वाटते, नाही कशाला म्हणू? पण त्यात घाम गाळतो मालिशवाला. हाताला पुन्हा मेंदूचे ऐकायला शिकवायचे तर मेहनत रोग्यानेच करावी लागते. टेबलावरच्या खुणांवर नजर रोखून, मोठ्याने आकडे मोजत, सावकाश बोट न्यायचे. फ्रेंकेल नावाच्या स्विस डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेला हा धडा. (जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतले, आता माझी पाळी!)

खांदा दुखतो म्हणून हलवायचा नाही, हलवला नाही की आखडतो, आखडला की आणखी दुखतो. गोळीने रात्र निघते, सांधा मोकळा होत नाही.

घरचेही "बाबा, आराम करा" म्हणतात. सूनबाई शर्टाची बटणे लावून देते. माया आहे ती, कळते. पण सूनबाई, तू हे वाचशीलच. उद्यापासून वरची दोन बटणे मी लावणार. वीस मिनिटे लागली तरी मध्ये हात घालू नकोस.