नांव त्यांचें, हात कोणाचे?

खेळाच्या बुटांविषयीं या मासिकांत लिहावें, याचें आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु हा धंदा आतां चामड्यारबराचा राहिलेला नसून शब्दांचा आणि चित्रांचा झालेला आहे. आणि शब्दांच्या व्यवहारांत लबाडी चालली असतां वाङ्मयाच्या उपासकांनीं गप्प बसावें, हें आम्हांस मान्य नाहीं.

अमेरिकेंतील नाइकी कंपनीचेंच उदाहरण घेऊं. तिचा संस्थापक फिल नाइट यानें स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकत असतां एक निबंध लिहिला होता. जपानी कॅमेऱ्यांनीं जर्मन कॅमेऱ्यांची जी गत केली, तीच जपानी बुटांना जर्मन बुटांची करतां येईल काय, असा त्याचा विषय. १९६४ सालीं धांवण्याचे आपले शिक्षक बिल बॉवरमन यांच्या भागीदारींत त्यानें धंदा मांडला, कांहीं काळ पोर्टलंड येथें हिशेबशास्त्रही शिकविलें (म्हणजे आमच्याच व्यवसायांतला मनुष्य!), आणि १९७१ सालीं तेथील एका विद्यार्थिनीकडून ३५ डॉलरांत ती जगप्रसिद्ध खूण काढून घेतली. माल स्वस्त मजुरीच्या देशांत करवावा आणि श्रीमंत बाजारांत विकावा, ही त्या निबंधांतली युक्ति. जपानांत मजुरी वाढली तेव्हां काम दक्षिण कोरिया व तैवानकडे गेलें. १९८७ नंतर कोरियन मजुरांनीं संघटित होऊन वेतन वाढवून घेतलें, तेव्हां तें इंडोनेशिया, चीन आणि व्हिएतनामकडे वळलें. खूण कंपनीची, नमुना कंपनीचा, जाहिरात कंपनीची. कारखाना मात्र परक्या कंत्राटदाराचा.

आमचें भांडण आहे तें येथें. खेळाडू शर्यत जिंकतो तेव्हां त्याच्या यशांत ही कंपनी आपला वाटा सांगते, कारण त्याच्या पायांतला बूट तिचा. मग त्याच बुटाचा तळ चिकटवितांना जिच्या छातींत विषारी वाफ गेली, ती मुलगी तेवढी कोण्या कंत्राटदाराची नोकर कशी? ही वाफ आमच्या कल्पनेंतली नव्हे. कंपनीनेंच नेमलेल्या अर्न्स्ट अँड यंग या हिशेबतपासनिसांचा एक गुप्त अहवाल नोव्हेंबर १९९७ मध्यें बाहेर फुटला. व्हिएतनामांतील एका कारखान्याच्या कांहीं भागांत टोल्युइन या द्रव्याचें प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या ६ पासून १७७ पटींपर्यंत असल्याचें आणि ७७ टक्के कामगारांस श्वसनाचे विकार जडल्याचें त्यांत नमूद होतें. कायदा अमेरिकेचा नव्हे, व्हिएतनामचाच! शिवाय १९९५ सालीं वृत्तपत्रांत आलेल्या हिशेबाप्रमाणें ७० डॉलरांच्या एका जोडामागें मजुरी पावणेतीन डॉलर, तर जाहिरात चार डॉलर. बाकीचें जसेंच्या तसें ठेवून मजुरी दुप्पट केली असती, तरी जोडाची किंमत ७३ डॉलरांस पोंचली नसती.

यावर अर्थशास्त्री मंडळींचें उत्तर ठरलेलें आहे: हे कारखाने नसते तर त्या मुली शेतांत याहून कमी पैशांवर राबल्या असत्या. हें उत्तर खोटें नाहीं, आणि कारखाने बंद करा असें आम्ही म्हणतही नाहीं. पण उपाशी माणसास अर्धी भाकरी मिळाली, एवढ्यानें ती विटलेली असली तरी चालेल असें सिद्ध होतें काय?

मे १९९८ मध्यें खुद्द नाइटनेंच वॉशिंग्टन येथें कबूल केलें कीं आपल्या मालाचें नांव गुलामी वेतन, सक्तीचें जादा काम आणि मनमानी छळ यांच्याशीं समानार्थी झालें आहे. पुढें बूट-कामगारांचें किमान वय १८ ठरलें, हवेचे नियम कडक झाले, आणि २००५ सालीं कारखान्यांची यादीही प्रसिद्ध झाली. याचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. मात्र त्याच १९९८ सालीं कॅलिफोर्नियांतील एका नागरिकानें कंपनीवर फिर्याद केली होती. कामगारांच्या स्थितीविषयीं कंपनीनें वृत्तपत्रांस आणि विद्यापीठांच्या अध्यक्षांस पाठविलेल्या पत्रांत असत्य आहे, असें त्याचें म्हणणें. कंपनीनें बचाव केला तो मतस्वातंत्र्याचा! तेथील वरिष्ठ न्यायालयानें २००२ सालीं निवाडा दिला कीं हें व्यापारी भाषण आहे व त्यास जाहिरातीचेच नियम लागू होतात. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून निर्णयाविना परतलें, आणि २००३ सालीं १५ लाख डॉलर देऊन मिटलें. तेंही फिर्यादीस नव्हे, कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या एका संस्थेस. पत्रांतलें सत्य काय, हें अखेर कोणी तपासलेंच नाहीं.

आम्हां शिक्षकांस अधिक लाजविणारी गोष्ट ओरेगन विद्यापीठाची. विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून हें विद्यापीठ २००० सालीं कामगारहक्कांची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या एका संघांत सामील झालें. नाइट तेथीलच माजी विद्यार्थी. त्यानें देऊं केलेली ३ कोटी डॉलरांची देणगी तत्काळ मागें घेतली. पुढें विद्यापीठ त्या संघांतून बाहेर पडलें आणि देणग्यांचा ओघ पुन्हां सुरू झाला. विद्यापीठानें आपल्या माघारीस कोणतींही कारणें दिलेलीं असोत, विद्यार्थ्यांनीं त्यांतून जो धडा घ्यावयाचा तो घेतलाच असेल.

आतां थोडें आपल्या घरांत पाहूं. जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडा कंपनीनें कोल्हापुरी वहाणेसारखी वहाण कोल्हापूरचें नांवही न घेतां मांडली, तेव्हां आपल्याकडे केवढा गहजब झाला! तो योग्यच होता, आणि कंपनीस आपलें मूळ कबूल करावें लागलें. परंतु तमिळनाडूंत चेय्यार येथें एका तैवानी कंपनीच्या कारखान्यांत हजारों स्त्रिया नाइकीचे बूट शिवतात. त्यांचें नांव कोणी घेतलें नाहीं म्हणून आपल्यापैकीं कोणाचा जीव तळमळला? शाळा उघडण्याच्या सुमारास मुलांच्या हट्टापायीं पांच-सात हजारांचा जोड घेणारे आमचे वाचक रंग पाहतात, मापें पाहतात, घासाघीसही करतात. बुटाच्या जिभेच्या आंत बारीक अक्षरांत देशाचें नांव असतें. त्याखालीं कारखान्याचें नांव आणि गांवही कोणासही वाचतां येईल अशा अक्षरांत छापावें, एवढें आमचें मागणें आहे. आणि आमच्या महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांनीं खेळाचें साहित्य घेतांना ही अट घालण्यास या वर्षापासूनच आरंभ करावा.