बंद दार आणि वकिलाचे शील

ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला त्या अन्यायामुळे दुसऱ्यावर अन्याय करण्याचा परवाना मिळतो काय? वकिलीच्या व्यवसायात पडलेल्या प्रत्येक माणसापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. 'बेटर कॉल सॉल' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने तो ज्या कठोरपणे मांडला आहे, तसा तो क्वचितच कोणी मांडला असेल. म्हणूनच करमणुकीचा विषय असूनही या मालिकेचा येथे विचार करणे मला अगत्याचे वाटते.

वकिलांवरील मालिका अमेरिकेस नव्या नाहीत. १९५७ ते १९६६ या काळात 'पेरी मेसन' ही मालिका तेथे गाजली. तिचे २७१ भाग झाले. परंतु पहिल्या भागातील मेसन आणि शेवटच्या भागातील मेसन यांत म्हणण्यासारखा फरक नाही. अशील निरपराध, वकील निष्कलंक आणि खरा गुन्हेगार भर कोर्टात उघडा पडणार, असा तिचा ठराविक साचा होता. अशा नायकाविषयी आदर वाटतो, पण त्याच्यापासून शिकण्यासारखे थोडेच असते. कारण त्याला मोहच पडत नाही. २०१५ ते २०२२ या काळात ६ पर्वांत आणि ६३ भागांत दाखविली गेलेली 'बेटर कॉल सॉल' नेमके उलट करते. ती एका वकिलाचे शील पायरीपायरीने कसे ढासळते, हे दाखविते.

हा वकील म्हणजे न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहराचा जिमी मॅगिल. तरुणपणी लोकांना ठकविण्यात त्याने दिवस घालविलेले. वडील भाऊ चक हा नामांकित कायदेपंडित आणि एका बड्या वकिली पेढीचा भागीदार. त्याच पेढीत टपाल वाटण्याचे काम करीत असता जिमी कोणाला न सांगता पत्रद्वारा कायद्याचा अभ्यास करतो व वकील होतो. पुढे वृद्धाश्रमातील म्हाताऱ्यांकडून जादा पैसे उकळले जात असल्याचे त्याच्या ध्यानात येते. कचऱ्यात टाकलेल्या कागदांच्या चिंध्या जोडून तो पुरावा उभा करतो. इतके करूनही पेढी त्याला आत घेत नाही. याचा दोष तो दुसरा भागीदार हॉवर्ड हॅम्लिन याला देत असतो. परंतु दार बंद करणारा हात सख्ख्या भावाचाच होता, हे शेवटी उघड होते! आजारी म्हणून घरात कोंडून घेतलेल्या ज्या भावाला तो रोज वर्तमानपत्र, बर्फ आणि किराणा नेऊन देत होता, त्याच्या लेखी जिमी हा कधीच खरा वकील नव्हता. भाऊ त्याचा भूतकाळ पाहतो. त्याचे श्रम पाहत नाही.

येथे मालिकेने कोठेही हात आखडता घेतलेला नाही. हा अन्याय खरा आहे आणि तो खोल आहे. 'तू मूळचाच तसला' असे ज्याला ऐकावे लागले आहे, त्याला जिमीचा संताप निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु मालिका येथे थांबत नाही, हेच तिचे मोठेपण होय. बंद दार जिमीचा राग समजावून देते. त्याच्या पुढच्या कृत्यांचे समर्थन करीत नाही. भावाच्या कागदपत्रांत तो रातोरात १२६१ चे १२१६ करतो, आणि तेही आपली मैत्रीण, वकील किम वेक्सलर, हिच्या भल्याच्या नावाखाली. भरसुनावणीत तो आजारी भावाची फजिती करतो. सनद वर्षभर स्थगित असता तडजोडीतील आपला वाटा लवकर पदरात पडावा म्हणून एका भोळ्या वृद्धेला तो तिच्या मैत्रिणींपासून तोडतो. यातील एकही कृत्य त्याच्यावर कोणी लादलेले नाही. उलट त्या वृद्धेच्या बाबतीत तो स्वतःचे पितळ स्वतःच उघडे पाडतो व तिची मैत्रिणींशी पुन्हा गाठ घालून देतो. म्हणजे परतीची वाट त्याला ठाऊक होती, आणि ती चालण्याचे बळही त्याच्या अंगी होते.

चौथ्या पर्वाच्या अखेरच्या भागात, २०१८ साली, एक प्रसंग आला आहे. मृत भावाच्या नावाने विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावयाची असते. पूर्वी दुकानातून वस्तू चोरताना पकडली गेलेली एक मुलगी अर्जदारांत असते. जिमी एकटा तिच्या बाजूने बोलतो आणि हरतो. मग तो तिच्यामागे धावत जातो व तिला सांगतो की, हे लोक तुझी चूक कधीच विसरणार नाहीत. तेव्हा नियम मोडूनच वर चढ. नंतर मोटारीत बसून तो रडतो. त्याच भागात सनद परत मिळावी म्हणून तो समितीपुढे भावाच्या आठवणीने गहिवरून बोलतो, आणि बाहेर येताच त्या गहिवराची थट्टा करतो. पुढची वकिली तो सॉल गुडमन या नव्या नावाने करणार असतो.

हा उपदेश अमेरिकेतील एका काल्पनिक वकिलाने केला खरा. परंतु तो आपल्याकडेही ऐकू येतो. माझ्या कचेरीत बसणाऱ्या एका होतकरू तरुणाने मला विचारले होते, "साहेब, सरळ मार्गाने आपल्याला वर कोण येऊ देणार?" मी त्याला त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. दार बंद करणाऱ्याने तुझ्याविषयी जे भाकीत केले आहे, ते आपल्या हाताने खरे करून दाखविणे, याला बंड म्हणत नाहीत. ती शरणागती होय. चकने जिमीला लबाड ठरविले होते. जिमीने त्याच्यावर सूड घेतला तो लबाड होऊन! मग जिंकले कोण?

शेवटच्या पर्वात या मार्गाची किंमत दिसते. जिमी आणि किम यांनी ज्या हॉवर्डची केवळ हट्टापायी बदनामी चालविली होती, तो त्यांच्याच घरात एका गुंडाच्या गोळीने मरतो. किम आपली सनद स्वतः परत करते; काही वर्षांनी हॉवर्डच्या विधवेपुढे सारे सत्य लिहून ठेवते; आणि पुढे मोफत कायदेसाहाय्याच्या कचेरीत काम करू लागते. जिमीने तर सरकारी वकिलांशी घासाघीस करून शिक्षा थोड्या वर्षांवर आणलेली असते. तरीही किमच्या समक्ष, भर कोर्टात, तो सर्व कबूल करतो, भावाच्या बाबतीत केलेले, कायद्याने गुन्हा नसलेले पापही सांगतो, आणि आपले मूळ नाव परत मागतो. त्याला ८६ वर्षांची शिक्षा होते. सवलत गेली, माणूस परत आला.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतून आज पहिल्या पिढीचे वकील निघत आहेत. त्यांनाही बंद दारे भेटतील, आणि ती उघडण्यासाठी लढलेच पाहिजे. परंतु नाव बदलले, काळा कोट अंगावर आला, म्हणजे शील आपोआप येत नाही. ते रोजच्या लहानसहान निर्णयांनी घडते: खाडाखोड न केलेल्या एका कागदाने, न फसविलेल्या एका अशिलाने. मुलांना ही मालिका खुशाल पाहू द्या. मात्र ती संपल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की, जिमीला परत फिरता आले असते असे प्रसंग किती होते? ते त्यांना मोजू द्या.